फायरमन व्हायचंय? गावाकडच्या पोरापोरींसाठी कोर्सपासून जॉइनिंगपर्यंत सगळं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. सध्या एका नगरपरिषदेच्या फायर स्टेशनवर अग्निशमन विमोचक म्हणजे फायरमन आहे, त्याआधी चार वर्षं ठेक्यावर काढली. आठवड्याला एकदोन फोन येतातच, "भाऊ, फायरमनची भरती निघाली का?" मी दरवेळी उलटं विचारतो, "कोर्स झाला का तुझा?" आणि तिकडून आवाजच बंद होतो. पोलीस भरतीसारखं आधी जाहिरात येईल मग तयारी करू असं इथे चालत नाही, फॉर्म भरतानाच कोर्सचं सर्टिफिकेट लागतं आणि फॉर्मची मुदत असते वीसपंचवीस दिवस, कोर्स असतो सहा महिन्यांचा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यात माझी दोन वर्षं गेली, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

एक आधीच क्लिअर करतो. अग्निवीर वेगळं आणि अग्निशामक वेगळं. अग्निवीर म्हणजे २०२२ ला सुरू झालेली सैन्याची भरती, तिचा आगीशी काही संबंध नाही. आमच्याकडे एक मुलगा अग्निवीरचे पेपर सोडवून सोडवून फायरमनची तयारी करत होता, खूप मेहनती पोरगा, पण सिलॅबसच दुसरा.

१. आधी पद ठरवा

जाहिरातीत "फायरमन" हा शब्द बऱ्याचदा नसतोच, "अग्निशमन विमोचक" किंवा "अग्निशामक" असं लिहिलेलं असतं. विमोचक म्हणजे सोडवणारा, नुसती आग नाही तर विहिरीत पडलेलं जनावर, अपघातात गाडीत अडकलेला माणूस, पुरातलं रेस्क्यू सगळं त्यात आलं. दहावी पास आणि सहा महिन्यांचा कोर्स असलेल्यांसाठी हेच पद.

दुसरं पद चालक-यंत्रचालक. याला जड वाहनाचं लायसन आणि गाडी चालवल्याचा अनुभव लागतो, कारण हाच माणूस गाडी पोचल्यावर पंप चालवतो. लायसनला वेळ लागतो हे लक्षात घ्या, हलक्या वाहनाचं लायसन काढून एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही आणि वयही २० पूर्ण पाहिजे. म्हणून १८ पूर्ण झालं की हलक्याचं काढूनच टाका, पुढे कामी येतं.

तिसरं, अधिकाऱ्याची पदं, म्हणजे उप अग्निशमन अधिकारी वगैरे. त्याला पदवी आणि उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा कोर्स लागतो. २०२३ ला नगरपरिषद राज्यसेवेच्या १७८२ जागा निघाल्या त्यात अग्निशमनच्या ३७२ होत्या, पण त्या अशाच कोर्सवाल्यांच्या. ग्रॅज्युएशन चालू असेल तर आत्तापासून याच्यावर नजर ठेवा. माझं ग्रॅज्युएशन अर्धवट सुटलं, ते पूर्ण केलं असतं तर बरं झालं असतं असं आज वाटतं.

२. कोर्स कुठला चालतो, कुठला नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, सावकाश वाचा.

विमोचकाच्या भरतीत राज्य शासनाच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स मागतात. हे केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे, महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाखाली चालतं. प्रवेशाची सूचना संचालनालयाच्या अधिकृत वेबसाईटवर येते आणि फॉर्म ऑनलाइन असतो. अट साधारण अशी, दहावीला ५० टक्के (मागासवर्गीयांना सूट आहे), मुलांसाठी उंची १६५ सेमी, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६. मुलींची मापं वेगळी दिलेली असतात. वयाची वरची मर्यादा कमी असते म्हणून बारावी झाली की लगेच बघा, पंचविशीत जाग येऊन उपयोग नाही.

आता सापळा. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तालुक्यालासुद्धा "फायर अँड सेफ्टी" डिप्लोमाचे क्लास निघालेत, बसस्टँडवर बोर्ड असतो, १०० टक्के नोकरीची गॅरंटी, ड्रेस फ्री. मी अशाच एका ठिकाणी एक वर्ष घातलं, चाळीस हजार भरले, बाबांनी त्या साली तूर विकून दिले होते. शेवटी जो कागद मिळाला तो भरतीत टेबलावरच्या साहेबांनी बघितला आणि परत दिला, "हा चालत नाही बाळा." एवढंच बोलले ते. बाहेर येऊन झाडाखाली बसलो तेव्हा आमच्याच बॅचचे अजून तिघं तिथे बसले होते.

मी असं म्हणत नाही की सगळे प्रायव्हेट डिप्लोमे वाया आहेत. कंपनीत, मॉलमध्ये, मोठ्या बिल्डिंगमध्ये सेफ्टीचं काम करायचं तर काही उपयोगी पडतात. पण पैसे भरायच्या आधी एवढं करा, मागच्या दोनतीन भरतीच्या जाहिराती डाउनलोड करा, "शैक्षणिक अर्हता" या रकान्यात कोर्सचं नाव शब्द न् शब्द वाचा, आणि क्लासवाल्याला म्हणा, तुमच्या सर्टिफिकेटवर हेच नाव आणि हीच संस्था येईल का ते लिहून द्या. लिहून द्यायला का कू केलं की उठून यायचं.

आणि एक, आपल्या विदर्भातच नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं! १९५६ ला उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि १९५७ ला नागपूरला आलं, केंद्राच्या गृह मंत्रालयाचं आहे, देशभरातले अधिकारी इथे शिकायला येतात आणि आपण शेजारी राहून विचारत नाही. बारावी सायन्सनंतर फायर इंजिनिअरिंगची चार वर्षांची डिग्री आणि पदवीनंतर सब ऑफिसरचा कोर्स इथे होतो. हर्षिनी कान्हेकर याच कॉलेजला २००२ ला शिकायला गेल्या, तिथल्या त्या पहिल्या मुलगी, आणि देशातल्या पहिल्या महिला फायर इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतात. घरात "पोरीचं काम नाही हे" असं कोणी म्हणालं तर त्यांचं नाव सांगा. शिवाय सरकारी भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच महिलांसाठी राखीव जागा) असतं, आणि फॉर्मच कमी येतात पोरींचे.

३. कागदपत्रं

ही फाईल आजच करायला घ्या, जाहिरात आल्यावर सेतूमध्ये रांग असते आणि सर्व्हर डाउन असतो.

- दहावी, बारावी, पदवीची मार्कशीट आणि सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला
- कोर्सचं सर्टिफिकेट आणि मार्कशीट दोन्ही
- डोमिसाइल
- जातीचा दाखला, आणि जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी
- नॉन क्रीमिलेयर (ज्यांना लागू आहे त्यांना), मुदत संपलेली नको
- एमएस-सीआयटी
- लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र
- आधार, पॅन, फोटो, सही स्कॅन करून
- खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त यातलं काही असेल तर त्याचा दाखला

व्हॅलिडिटीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आदिवासी मुलांची वेगळी तपासणी समिती असते, तिथे आजोबा-पणजोबांचे जुने कागद मागतात, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, शाळेच्या दाखलखारीजची नोंद. हे गोळा करायलाच महिने जातात म्हणून थांबू नका.

आणि नाव. आधारवर "गजानन", दहावीवर "गजाननराव", बापाच्या नावात एकीकडे "भाऊ" जोडलेलं एकीकडे नाही, अशाने पोरं अडकतात. लग्न झालेल्या मुलींचं तर हमखास होतं. फरक मोठा असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या, त्यालाही वेळ लागतो.

४. शरीर

शारीरिक चाचणी प्रत्येक ठिकाणची वेगळी असते. साधारण ८०० मीटर किंवा १६०० मीटर धावणं, दोरावर चढणं, शिडी, ५० किलोचा माणसाएवढा पुतळा खांद्यावर घेऊन पळणं, पुलअप्स, आणि मोठ्या शहरात उंचावरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या जाड कापडात, उडी.

गावात जिम नसली तरी चालतं. पन्नास किलोचा गव्हाचा कट्टा खांद्यावर घ्यायची सवय आपल्या पोरांना असतेच, फक्त तो घेऊन वेळ लावून पळा. पहिल्या दिवशी अर्ध्या कट्ट्याने सुरू करा, कंबर गेली तर सगळंच गेलं. दोर निंबाच्या झाडाला बांधा, खाली तणस किंवा कुटार टाका आणि कोणीतरी सोबत ठेवा. दोरावर चढताना नुसत्या हातांनी ओढायचं नाही, पायाने दोराला आटा घालायचा, हे जमलं की माणूस निम्म्या ताकदीत वर जातो.

छातीत पोरं फेल होतात. माप ८१ असतं पण फुगवून पाच सेमी वाढ येत नाही. त्याला रोजचा श्वासाचा व्यायाम आणि पोहणं, दुसरा उपाय नाही. आणि डोळे आधीच तपासून घ्या, रंगांधळेपणा सुद्धा, कारण मेडिकलला तिथे कोणाचंच चालत नाही.

५. जाहिराती कुठे बघायच्या

नुसतं आपल्या नगरपरिषदेकडे बघत बसू नका. नागपूर महानगरपालिकेने २०२३ च्या शेवटी अग्निशमनच्या ३५० जागा काढल्या होत्या, त्यात २९७ विमोचकांच्या. मुंबई महापालिकेने २०२३ च्या सुरुवातीला ९१० जागांची भरती घेतली. एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन सेवा आहे, बुटीबोरीला त्यांचं केंद्र आहे, त्यांच्या २०२३ च्या ८०२ जागांच्या जाहिरातीत विमोचक होते. आयुध निर्माण्यांमध्येही आपापलं फायर ब्रिगेड असतं, भद्रावती, भंडारा, अंबाझरी तिन्ही आपल्याच भागात आहेत. आणि सीआयएसएफ म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात कॉन्स्टेबल फायर म्हणून भरती होते, २०२४ ला ११३० जागा होत्या, तिथे कोर्स लागत नाही पण बारावी सायन्स लागते, उंची १७० सेमी आणि ५ किलोमीटर २४ मिनिटांत.

कोणी म्हणालं "साहेब ओळखीचे आहेत, दोन लाख द्या", तर त्याला पैसे देऊ नका. कर्ज काढून दिलेले पैसे परत आलेले मी एकदाही बघितले नाहीत.

६. ट्रेनिंगमध्ये काय असतं

पहाटे उठून पीटी, मग परेड, मग ड्रिल. होज (म्हणजे पाणी मारायचा पाइप) ड्रिल, पंप ड्रिल, लॅडर ड्रिल, गाठी. पहिला महिना तुम्ही आग बघतच नाही, होज गुंडाळता आणि उलगडता. कंटाळा येतो पण त्याचं कारण नंतर कळतं. डिलिव्हरी होज अडीच इंची असतो, टोकाला कपलिंग, एकाला दुसरं लावून थोडं दाबलं की खटकन आवाज येतो, तो आवाज आला नाही तर प्रेशर आल्यावर जोड निसटतो आणि ते पितळी टोक माणसाचा पाय मोडू शकतं. अंधारात, धुरात, हाताला तो खटका कळला पाहिजे म्हणून महिनाभर तेच करून घेतात.

ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची पाणी मारायची नळी, हातात घेऊन पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा मी मागे फेकला गेलो होतो. पाय फाकवून, अंग पुढे झुकवून, ब्रँच बगलेत दाबून धरायची आणि मागे एक माणूस पाहिजेच. एकट्याने हिरोगिरी केली तर प्रेशरला तुम्ही टिकत नाही.

मग बीए सेट, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मास्क. कागदावर अर्धापाऊण तास चालतो, घाबरून जोरात श्वास घेतला तर त्याच्या कितीतरी आधी संपतो. हवा कमी झाली की शिट्टी वाजते, वाजली की आत काहीही राहिलेलं असो, बाहेर यायचं. हे मनावर एवढं ठसवतात कारण आगीत माणूस जळण्याआधी धुराने जातो. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली, त्यातली बरीचशी धुराने गुदमरून. आमच्या स्टेशनवर अजूनही नवीन पोराला बीए सेट शिकवताना सिनियर तो विषय काढतात, आणि मग कोणी मस्करी करत नाही.

७. ठेक्यावर लागलात तर

लहान नगरपरिषद, नगरपंचायतीत बरेच जण ठेक्यावरच असतात. अनुभव मिळतो, वाईट नाही. पण पहिल्याच महिन्यात पीएफचा यूएएन नंबर मागून घ्या आणि मोबाईलवर चेक करा पैसे जमा होतात का. हजेरीचा फोटो काढून ठेवा. अनुभवाचा दाखला ठेकेदाराच्या लेटरहेडवर नको, शक्यतो कार्यालयाचा आवक-जावक नंबर असलेला घ्या, पुढे तोच चालतो. गमबूट, हेल्मेट, हातमोजे न देता कॉलवर पाठवत असतील तर लेखी मागा, आणि नायलॉनचा टीशर्ट घालून आगीवर कधीच जाऊ नका, तो वितळून कातडीला चिकटतो. सुती शर्ट पूर्ण बाह्यांचा.

८. तोवर गावात

भरती कधी होईल ते होईल, पण आग तुमच्या गावात त्याआधीच लागणार आहे. पश्चिम विदर्भात सोयाबीनची गंजी आणि कुटार, पूर्व विदर्भात धानाचे पुंजणे, मार्च-एप्रिलमध्ये गोठे, आणि धुरे जाळताना वाऱ्याने पसरलेली आग. गाडी तालुक्याहून येते, तीसचाळीस किलोमीटर. तेवढ्या वेळात काय करायचं ते गावालाच करावं लागतं.

नंबर आधी. १०१ आहे, ११२ आहे, पण मोबाईलवरून १०१ लावल्यावर माझा कॉल एकदा भलत्याच शहरात गेला होता. म्हणून जवळच्या फायर स्टेशनचा थेट नंबर घ्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. फोनवर "लवकर या ना, सगळं जळून राह्यलं" एवढंच बोलून लोक फोन ठेवतात, मग आम्ही फाट्यावर विचारत बसतो. सांगायचं असं: गाव, तालुका, कोणता फाटा, काय जळतंय, आत माणूस आहे का, रपट्यावरून जड गाडी जाते का, पाणी कुठे आहे. आणि एक पोरगा मोटरसायकल घेऊन फाट्यावर उभा करा, रस्त्यातल्या बंड्या, ट्रॉल्या बाजूला करा.

लाइनमनला फोन करून डीपीवरून लाइन बंद करायला सांगा, तोवर तारेखाली पाणी मारायचं नाही. पण लाइन बंद झाली की विहिरीवरची मोटर पण बंद होते, हे कोणी लक्षात घेत नाही, म्हणून डिझेल पंप किंवा फवारणीचा ट्रॅक्टर-टँकर कोणाकडे आहे त्याची यादी आधीच करून ठेवा.

आता विहिरीचं. आमच्या गाडीत चारपाच हजार लिटर पाणी असतं, दोन होज सुरू केले की काही मिनिटांत संपतं. मग लोक ओरडतात, "विहीर आहे ना बाजूला, लावा पाइप!" एका गावात मी तसा सक्शन, म्हणजे पाणी ओढायचा पाइप, टाकला, पंप नुसता ओरडत होता, पाणी नाही. विहिरीत टॉर्च मारून बघितलं तर पाणी पस्तीस फूट खाली. वरचा पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर बाहेरची हवा पाणी वर ढकलते, आणि ती सातआठ मीटरच्या, म्हणजे पंचवीसेक फुटांच्या वर ढकलत नाही, मग कितीही मोठा पंप आणा. विदर्भात एप्रिलमध्ये पंचवीस फुटांच्या आत पाणी असलेल्या विहिरी किती राहतात तुम्हीच सांगा. शेततळं, बंधारा, उथळ पाणी असलेली विहीर, ग्रामपंचायतीची टाकी, यातलं जिथे गाडी कडेपर्यंत जाते ते ठिकाण आधीच बघून ठेवा, बाकी विहिरींना पाण्यात सोडायची मोटर आणि जनरेटर लागतो. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी दोरीला दगड बांधून गावातल्या पाचसात विहिरींचं पाणी मोजून वहीत लिहिलं तरी आम्हाला त्याची किती मदत होते.

गंजी आणि कापसाची आग वरून विझते, आत धुमसत राहते. वरून ओली करून लोक जेवायला जातात आणि रात्री दोनला पुन्हा पेटते. काट्याने, जेसीबीने उलगडून, पसरवून आतलं भिजवावं लागतं, आणि रात्रभर दोन माणसं बसवावी लागतात.

भाजलेल्या माणसावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई, काही नाही. मग १०८.

रीतसर शिकायचं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात "आपदा मित्र"ची बॅच कधी आहे ते विचारा, १२ दिवसांचं ट्रेनिंग असतं. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले त्यांच्या आठवणीत. त्या आठवड्यात स्टेशन लोकांसाठी डेमो करतं, ग्रामपंचायतीने पत्र दिलं तर आम्ही गावात पण येतो.

९. जंगलपट्ट्यातल्या पोरांसाठी

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट इथे वेगळं काम आहे. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम धरतो आणि हंगामापुरते फायर वॉचर रोजंदारीवर घेतो. जानेवारीतच वनरक्षकाला किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना भेटून नाव द्या. काम म्हणजे जाळरेषा (आग पुढे जाऊ नये म्हणून जंगलात ठेवलेले मोकळे पट्टे) साफ ठेवणं, ब्लोअरने पालापाचोळा उडवून आगीच्या पुढे मोकळी पट्टी करणं, हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवणं. चढावर आग माणसापेक्षा वेगाने पळते, त्यामुळे आगीच्या वरच्या बाजूला कधी उभं राहायचं नाही, आणि जळून गेलेली काळी जमीन कुठे आहे ते बघून ठेवायचं, वारा फिरला तर तिथेच पळायचं. हे एवढं मला एका म्हाताऱ्या फायर वॉचर काकांनी शिकवलं, त्यांनी कुठलाही कोर्स केलेला नव्हता.

मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात त्यातून खूप आगी लागतात. घरात आई, आत्या मोह वेचत असतील तर झाडाखाली जाळी नाहीतर जुन्या साड्या अंथरून द्या, फुलं मातीत पडत नाहीत आणि पाला जाळायची गरजच राहत नाही. जंगलात धूर दिसला तर वनविभागाचा नंबर १९२६.